खुर्ची सोडली नाही त्याने!

मराठी माणसाने ‘खुर्ची’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे थेट मंत्रालय उभं राहतं. खुर्ची मिळवायची, टिकवायची, कुणी ओढायला लागलं तर पाय घट्ट रोवून बसायचं... सगळा राजकारणाचा मामला! ही गोष्ट मात्र वेगळ्याच खुर्चीची आहे. तिला दोन मोठी चाकं होती आणि तिच्यात बसलेल्या माणसाला पाय रोवणं शक्यच नव्हतं. कमरेखालचं त्याचं शरीर लुळं पडून सव्वा वर्ष झालं होतं. तरीही ‘या खुर्चीतून उठा आणि दुसऱ्या, साध्या खुर्चीत बसा’ असं त्याला सांगण्यात आलं, तेव्हा तो हटला नाही.

साल १९७४, महिना सप्टेंबर, शहर लंडन. माणसाचं नाव रॉबर्ट वायट, वय वर्षं २९. जागा होती बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमाचा स्टुडिओ.

हा कार्यक्रम म्हणजे काय प्रकरण होतं, हे मुंबई दूरदर्शनवरचं ‘छायागीत’ ज्यांना आठवतं त्यांना चटकन उमगेल. गुरुवारी रात्री जेवणं लवकर उरकून आख्खी चाळ एका घरात जमायची, तसंच काहीसं. १ जानेवारी १९६४ रोजी सुरू झालेला हा कार्यक्रम २००६च्या जुलैपर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षं चालला. त्या आठवड्यात ज्या गाण्यांच्या तबकड्या जास्त खपल्या, ती गाणी म्हणणारे कलाकार इथे हजेरी लावत. आजी-आजोबा, आई-वडील, पोरंटोरं सगळी एकाच कोचावर बसून बघत. वडील नाक मुरडत, मुलं ताल धरत. तिथे एकदा झळकलं की दुसऱ्या दिवशी देशभर नाव झालंच म्हणून समजा! नव्या गायकासाठी ही पायरी म्हणजे पंढरीच्या नामदेव पायरीइतकी मोलाची होती.

आणि नेमक्या त्या पायरीशीच रॉबर्टला अडवण्यात आलं. गाणं चालणार होतं, आवाज चालणार होता, वाद्यवृंदही चालणार होता. चालणार नव्हती ती चाकांची खुर्ची! निर्मात्याने दिलेलं कारण पुढे ब्रिटिश संगीताच्या इतिहासात नोंदलं गेलं आहे. व्हीलचेअर ही म्हणे ‘कुटुंबाने एकत्र बसून पाहण्याजोगी’ नव्हती.

खिडकीतून खाली, आणि तिथून पुन्हा वर

रॉबर्ट वायट मुळात गायक म्हणून नव्हे, तर ड्रमवादक म्हणून गाजला. ‘सॉफ्ट मशीन’ नावाच्या वाद्यवृंदात तो ड्रम वाजवायचा आणि वाजवता वाजवता गायचा. पॉप आणि जॅझ यांची सरमिसळ करणारं त्यांचं संगीत सर्वसामान्यांपेक्षा जाणकारांना अधिक रुचणारं होतं. पुढे त्याने स्वतःचा वेगळा वाद्यवृंदही काढला. ड्रमवादक म्हणजे दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी वेगवेगळ्या लयीत चालवणारा माणूस. एक पाय मोठ्या ढोलाच्या पेडलवर, दुसरा झांजांच्या पेडलवर. पाय गेले की ड्रमवादक अर्धा संपला.

१ जून १९७३च्या रात्री लंडनमधल्या एका घरी वाढदिवसाची मेजवानी होती. मद्याच्या अमलाखाली असलेला रॉबर्ट चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली कोसळला. जीव वाचला, पण पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालची संवेदना कायमची गेली.

त्याला हलवलं ते स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात. हे नाव मराठी वाचकांनी लक्षात ठेवावं, कारण त्याचा एक धागा थेट सांगली जिल्ह्यापर्यंत येतो. हिटलरच्या जर्मनीतून जीव वाचवून इंग्लंडात आलेल्या डॉ. लुडविग गुटमन यांनी १९४४ साली या रुग्णालयात मणक्याच्या जखमींसाठी खास विभाग सुरू केला. तोवर अशा रुग्णांकडे ‘आज ना उद्या जाणार’ याच नजरेने पाहिलं जाई. गुटमन यांनी त्यांना अंथरुणातून उठवलं, कामाला लावलं, खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी त्यांनी रुग्णालयाच्या आवारात व्हीलचेअरवरच्या रुग्णांच्या धनुर्विद्येच्या स्पर्धा घेतल्या. आजच्या पॅरालिंपिकचं बीज ते हेच. पुढे १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला झालेल्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं ते इस्लामपूरजवळच्या पेठ गावच्या मुरलीकांत पेटकर यांनी. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांच्या कमरेखालच्या भागाला अर्धांगवायू झाला होता. त्यांना पद्मश्री मिळायला मात्र २०१८ साल उजाडावं लागलं आणि बहुतेक भारतीयांना त्यांचं नाव कळलं ते २०२४मध्ये त्यांच्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट निघाला तेव्हा!

तर अशा या रुग्णालयात रॉबर्ट कित्येक महिने पडून होता. पहिले तीन महिने तर पाठीवर उताणं पडून छताकडे बघण्यात गेले. नंतर व्हीलचेअर मिळाली आणि तो वॉर्डाबाहेर पडू लागला. अशाच एका फेरीत भेटायला येणाऱ्या नातेवाइकांच्या खोलीत त्याला एक जुना पियानो दिसला. अपघाताआधी तो आणि त्याची मैत्रीण अल्फ्रिडा बेंज काही काळ व्हेनिसला राहिले होते. तिथे तिने त्याला एक छोटंसं, साधंसं की-बोर्ड आणून दिलं होतं आणि त्यावर त्याने काही चाली बांधायला घेतल्या होत्या. त्या अर्धवट चाली आता तो रुग्णालयातल्या पियानोवर पुऱ्या करू लागला. पायाने ठेका धरायची सवय असलेला वादक आता नुसत्या बोटांनी आणि गळ्याने विचार करायला शिकत होता.

इकडे मित्र गप्प बसले नव्हते. ‘पिंक फ्लॉइड’ हा तेव्हाचा जगप्रसिद्ध वाद्यवृंद. त्यांनी नोव्हेंबर १९७३मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरात रॉबर्टच्या मदतीसाठी कार्यक्रम केला. त्यांचाच ड्रमवादक निक मेसन याने रॉबर्टच्या नव्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी उचलली. ‘रॉक बॉटम’ नावाची ती तबकडी २६ जुलै १९७४ रोजी बाजारात आली आणि त्याच दिवशी रॉबर्ट आणि अल्फ्रिडा यांचं लग्न झालं. पुढची कित्येक वर्षं अल्फ्रिडा त्याच्या तबकड्यांची मुखपृष्ठं रंगवत राहिली, गाणी लिहीत राहिली, त्याचा संसार आणि कामकाज सांभाळत राहिली. अपंग माणसाच्या यशाच्या कथेत हे नाव बहुधा गाळलं जातं. म्हणून ते इथे मुद्दाम.

वादाचा निकाल

‘रॉक बॉटम’चं समीक्षकांनी कौतुक केलं, फ्रान्समध्ये मानाचं पारितोषिकही मिळालं. पण ते संगीत होतं गंभीर. मग रॉबर्टने एक गंमत केली. ‘आय ॲम अ बिलीव्हर’ हे नील डायमंडने लिहिलेलं आणि १९६६ साली ‘द मंकीज’ या वाद्यवृंदाने घराघरांत पोहोचवलेलं हलकंफुलकं प्रेमगीत त्याने आपल्या पातळ, किंचित कापऱ्या आवाजात गायलं. लोकांना ते आवडलं. गाणं ब्रिटनच्या खपाच्या यादीत चढत चढत एकोणतिसाव्या क्रमांकावर गेलं. म्हणजे ‘टॉप ऑफ द पॉप्स’चं बोलावणं रीतसर, गुणवत्तेवर आलं होतं. कुणी दया म्हणून त्याला बोलावलं नव्हतं.

आणि तिथे हा खुर्चीचा वाद उभा राहिला.

निर्मात्याची बाजूही ऐकून घ्यायला हवी. तो काही खलनायक नसणार. त्याच्यापुढे त्याचा प्रेक्षक होता. दिवसभर राबून आलेलं कुटुंब घटकाभर करमणूक म्हणून टीव्हीसमोर बसतं. त्याला झगमगाट हवा, नाच हवा, तरुण देखणे चेहरे हवेत. तिथे इस्पितळाची आठवण करून देणारी वस्तू कशाला, असा त्याचा हिशेब. शिवाय मागणी तरी केवढीशी? फक्त दुसऱ्या खुर्चीत बसा. गाणारा गायकच राहील आणि बघणाऱ्याला काही कळणारही नाही.

पण ‘बघणाऱ्याला काही कळणार नाही’ हीच तर खरी ग्यानबाची मेख होती! साध्या खुर्चीत बसलेला रॉबर्ट म्हणजे गाणं म्हणताना उभं राहायचा कंटाळा करणारा माणूस. चाकांच्या खुर्चीत बसलेला रॉबर्ट म्हणजे तो स्वतः. सव्वा वर्ष ज्या खुर्चीने त्याला अंथरुणातून पियानोपर्यंत, पियानोपासून ध्वनिमुद्रणापर्यंत आणि तिथून लग्नाच्या नोंदणी कार्यालयापर्यंत नेलं, ती लाजेची वस्तू आहे असं मान्य करून त्याने गायचं होतं. रॉबर्ट खवळला. चांगलीच वादावादी झाली. अखेर बीबीसीने माघार घेतली आणि रॉबर्ट वायट आपल्याच खुर्चीतून गायला. त्या वादात त्याने डोकं सोडलं, पण खुर्ची सोडली नाही, असं गमतीने सांगितलं जातं.

गाणं झालं. कुठल्या घरात कुणाला घेरी आली नाही, जेवण कडू लागलं नाही. त्याच सुमाराला ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या संगीत साप्ताहिकाने तर बहार केली. मुखपृष्ठावर रॉबर्टच्या साथीदारांचा फोटो छापला आणि त्यात चांगले धडधाकट वादकही व्हीलचेअरवर बसलेले! न बोलता दिलेलं उत्तर होतं ते. खुर्चीच चालत नसेल तर आम्ही सगळेच बसतो, बोला!

कुणाचं कुटुंब?

या प्रसंगाला आता पन्नासहून अधिक वर्षं झाली. पण ‘कुटुंबाने पाहण्याजोगं नाही’ हे शब्द अजून शिळे झालेले नाहीत. कारण त्यात एक गृहीत दडलेलं आहे. कुटुंब म्हणजे चार धडधाकट माणसं आणि अपंग माणूस म्हणजे कुठून तरी बाहेरून येऊन त्यांचा रसभंग करणारा कुणी तरी!

प्रत्यक्षात काय असतं? २०११च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंगांची नोंद झाली. शेकडा सव्वादोनच्या आसपास. ही माणसं काही आकाशातून पडलेली नाहीत. कुणाच्या तरी घरात ती कुणाची मुलगी आहेत, कुणाचा मोठा दीर आहेत, कुणाची आत्या आहेत. त्यात म्हातारपणी गुडघ्यांनी दगा दिलेले आजोबा आणि अर्धांगाचा झटका येऊन गेलेल्या आजी मिळवल्या, तर असं घर शोधून सापडायचं नाही, ज्याच्या फोटोत कुणीच बसलेलं नाही. कुटुंबाने पाहण्याजोगं नाही म्हणून ज्याला पडद्याबाहेर ठेवायचं, तो कुटुंबातच बसून टीव्ही पाहत असतो. त्या गुरुवारी इंग्लंडात एखादं पोलिओ झालेलं पोरगं कोचाच्या कडेला बसून पाहत असेल. त्याच्या दृष्टीने त्या चार मिनिटांत काय घडलं असेल, याची कल्पना करावी!

आणि हे केवळ बीबीसीचंच पाप नव्हे. आपल्याकडच्या घरांतही हा निर्माता कधी कधी वस्तीला असतोच. पाहुणे यायचे म्हटलं की बैठकीची खोली आवरली जाते, चादरी बदलल्या जातात आणि चालता न येणाऱ्या भावाला ‘तू आत आराम कर’ म्हणून मागच्या खोलीत नेलं जातं. थोरलीचं लग्न ठरत असतं, म्हणून धाकटीच्या कुबड्या दाराआड जातात. कुणाच्या मनात दुष्टावा नसतो. ‘उगाच प्रश्न नकोत’ एवढंच असतं. निर्मात्याच्याही मनात दुसरं काय होतं?

याच ‘टॉप ऑफ द पॉप्स’वर पुढे इयन ड्युरी नावाचा आणखी एक गायक आला. सातव्या वर्षी पोलिओने त्याचा डावा हात आणि डावा पाय अधू झाला होता. १९७९च्या जानेवारीत त्याचं गाणं थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. मग १९८१ साल उजाडलं. संयुक्त राष्ट्रसंघाने ते ‘आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष’ म्हणून जाहीर केलं. आपल्याकडेही तेव्हा सभा झाल्या, तिकिटं निघाली, भाषणं झाली. ड्युरीला या सगळ्यात दयेचा वास आला. त्याने ‘स्पॅस्टिकस ऑटिस्टिकस’ हे चिडलेलं, बोचरं गाणं लिहिलं. अपंगांनी स्वतःच्या शरीराबद्दल मान ताठ ठेवून केलेली ती आरोळी होती. बीबीसीने ते संध्याकाळच्या आत वाजवायचं नाकारलं. गंमत पाहा. वर्ष अपंगांचं, पण अपंगाचं गाणं मात्र ऐकण्याजोगं नाही! ड्युरी २००० साली वारला. त्यानंतर बारा वर्षांनी, २९ ऑगस्ट २०१२ रोजी लंडन पॅरालिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात हेच गाणं अपंग कलाकारांनी भर मैदानात सादर केलं आणि ते सगळ्या जगाने पाहिलं. ‘पाहण्याजोगं’ काय, हे असं बदलत असतं. मात्र ते आपोआप बदलत नाही, कुणाला तरी खुर्चीत ठाण मांडून बसावं लागतं.

एच. डी. कोटेच्या घरातला पडदा

भारतात टीव्ही किती वेगाने पसरला आणि त्याबरोबर काय काय आलं, हे पाहायचं तर एखादा आडबाजूचा तालुका नजरेसमोर आणावा. म्हैसूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला हेग्गडदेवनकोटे नावाचा तालुका आहे. लोकांच्या तोंडी एच. डी. कोटे. एका बाजूला नागरहोळेचं जंगल, मधून वाहणारी कबिनी नदी. बीचनहळ्ळीजवळचं कबिनीवरचं धरण पुरं झालं ते १९७४ साली, म्हणजे तिकडे लंडनमध्ये खुर्चीचा वाद रंगला त्याच वर्षी. तेव्हा आख्ख्या कर्नाटकात टीव्ही केंद्र नव्हतं. मुंबईला दूरदर्शन १९७२ साली आलं, बंगलोरला १९८१ साली. तोवर जंगलकाठच्या गावांना गाणं म्हणजे जत्रेतलं, भजनातलं नाही तर रेडिओवरचं. म्हणजे कान पुरेसे होते. गाणाऱ्याचं शरीर कसं आहे, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

आणि गाणाऱ्याला दृष्टी नसेल, तर आपल्या समाजाला त्याचं कधी वावडंही नव्हतं. सूरदासांपासून ती परंपरा आहे. कर्नाटकातच गदगला वीरेश्वर पुण्याश्रम आहे. पंचाक्षरी गवई आणि त्यांचे शिष्य पुट्टराज गवई, दोघेही अंध. दोघांनीही त्या आश्रमात शेकडो अंध आणि गरीब मुलांना गाणं शिकवलं, तबला-पेटी हाती दिली. आश्रमाचा खर्च भागवायला नाटक मंडळी काढून गावोगाव दौरे केले. पुट्टराजांना २०१० साली पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते गेले. त्या आश्रमात मुलाला पहिला प्रश्न सुराचा विचारला जायचा, डोळ्यांचा नव्हे. हिंदीत रवींद्र जैन झाले. १९८७ साली ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि दर रविवारी सकाळी घराघरांत त्यांचा आवाज घुमू लागला. गाणारा जन्मांध आहे म्हणून कुणी टीव्ही बंद केला नाही. अर्थात तेव्हा पडद्यावर दिसत होते राम-सीता. ऐकू येत होता तो फक्त आवाज!

खरी कसोटी लागली ती गाणाऱ्यालाच पडद्यावर आणणारे कार्यक्रम सुरू झाल्यावर. १९९५ साली झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ आला. पाहता पाहता त्याच्या मराठी, कन्नड, बंगाली आवृत्त्या निघाल्या. आता एच. डी. कोटेच्या घरातही शनिवार-रविवारी कन्नड गाण्यांच्या स्पर्धा पाहिल्या जातात आणि इचलकरंजी-बेळगावच्या घरांत मराठी.

२०२०च्या सुरुवातीला कन्नड ‘सा रे ग म प’च्या मंचावर तुमकुरू जिल्ह्यातल्या मधुगिरीच्या दोन अंध बहिणी आल्या. देवळासमोर गाणी म्हणून त्या पोट भरत. त्यांचं गाणं ऐकून सगळं कर्नाटक हेलावलं. अभिनेते जग्गेश यांनी पुढाकार घेतला आणि बहिणींना घर बांधून मिळालं. चांगलंच झालं. उन्हापावसात गाणाऱ्या माणसांच्या डोक्यावर छप्पर आलं, याला कुणी नावं ठेवू नयेत. बीबीसीच्या निर्मात्याने जे झाकायला सांगितलं होतं, ते इथे कुणी झाकलं नाही, हेही खरं.

पण आता दुसरंच टोक गाठलं जातं. हिंदी असो, मराठी असो, अशा कार्यक्रमांची रीत आता प्रेक्षकांना पाठ झाली आहे. अपंग स्पर्धक येतो. गाण्याआधी त्याच्या घराची चित्रफीत. मोडकी भिंत, आईचा पदर डोळ्यांला, मागे आर्त सारंगी. मग गाणं, तेही अर्धं. गाणं चालू असतानाच कॅमेरा परीक्षकांच्या ओल्या डोळ्यांवर. गाणं संपलं की सगळे उभे. कुणी पाया पडतं, कुणी मिठी मारतं, कुणी रक्कम जाहीर करतं. या सगळ्यात एक गोष्ट राहून जाते. अंतऱ्यात त्याचा सूर कुठे घसरला, तान कुठे सुंदर उतरली, पुढच्या वेळी त्याने काय करावं, हे कुणीच सांगत नाही! शेजारच्या स्पर्धकाला परीक्षक श्रुतीवरून, शब्दोच्चारांवरून झापतात. याला मात्र फक्त टाळ्या. ज्याच्या चुका काढल्या जात नाहीत, त्याला विद्यार्थी म्हणून कुणी मोजलेलंच नसतं. तो झाला देखावा.

लंडनच्या निर्मात्याला फक्त गाणं दाखवायचं होतं, खुर्ची नको होती. आजच्या निर्मात्याला खुर्ची हवी असते, गाणं थोडंफार चालतं. दिशा उलट, पण दोघांचीही नजर खुर्चीवरच खिळलेली. माणूस दोघांच्याही नजरेतून निसटतो.

न्यायालयाने जे सांगितलं

हा विचार आता देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आहे. एका हिंदी चित्रपटात अपंगांची टिंगल झाली, अशी तक्रार अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या आणि स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या एका कार्यकर्त्याने केली होती. त्यावर ८ जुलै २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने पडद्यावरच्या अपंगांच्या चित्रणाविषयी मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. त्यांचा आशय साध्या शब्दांत असा. अपंगांना हिणवणारे शब्द वापरू नका. त्यांना हास्यास्पद करू नका, आणि उलट टोकाला जाऊन अचाट शक्तीचे चमत्कारी वीरही बनवू नका. त्यांच्या अडचणी दाखवा, तसंच त्यांचं कर्तृत्व, कला आणि समाजातला वाटाही दाखवा. आणि त्यांच्याविषयी काही ठरवताना त्यांनाच विचारा.

शेवटचं सूत्र सर्वांत साधं आणि सर्वांत अवघड. रॉबर्टला कुणी विचारलंच नव्हतं. ठरवून टाकलं होतं आणि मग कळवलं होतं.

२०१६च्या अपंग हक्क कायद्याने अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले, सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करण्याचं बंधन घातलं. ‘दिव्यांग’ हा शब्दही आता सरकारी कागदांवर रुळला आहे. पण गावातल्या गणेशोत्सवाच्या मंडपाकडे, शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठाकडे एकदा नीट पाहावं. चार-पाच फूट उंच, फळ्यांचं आणि बाजूला शिडीवजा पायऱ्या. शब्द कितीही सुंदर वापरा, त्या पायऱ्या चढून वर जाता येत नसेल तर गाणारं मूल खालीच राहतं. नाही तर दोन काका त्याला पोत्यासारखं उचलून वर ठेवतात आणि लोक गाण्याआधीच टाळ्या वाजवतात. एक उतरती फळी टाकायला मंडळाला कितीसा खर्च येतो? ती फळी असली तर मूल आपलं आपण वर जाईल आणि टाळ्या गाण्यानंतर पडतील. टाळ्या पडण्याची योग्य वेळ तीच.

घरात बसून कार्यक्रम पाहणाऱ्यांच्या हातीही काही गोष्टी आहेत. लहान मूल हमखास विचारतं, ‘आई, ते काका चाकाच्या खुर्चीत का बसलेत?’ त्याला ‘शू... असं विचारू नये’ म्हणून दटावलं की खुर्ची ही लपवायची गोष्ट आहे, हे ते तिथेच शिकतं. ‘त्यांचे पाय काम करत नाहीत, म्हणून ते खुर्चीवरून फिरतात. आता ऐक, काय सुंदर गातायत!’ एवढं सांगितलं तरी पुरतं. मुलाची शंका फिटते आणि कान पुन्हा गाण्याकडे वळतात. गाणं आवडलं नाही तर तेही खुशाल म्हणावं. ‘आज आवाज जरा बसलेला वाटला नाही का?’ हे वाक्य अपंग गायकाबद्दल म्हणायची मोकळीक ज्या घराला वाटते, त्या घराने त्याला गायक मानलेलं असतं. आणि तोच नियम मागच्या खोलीतल्या भावालाही लावावा. पाहुणे आले की त्याची खुर्ची आधी बैठकीत आणावी. येणाऱ्यांना दोन मिनिटं अवघडल्यासारखं होईल. चहा येईपर्यंत तेही सरतं.

रॉबर्ट वायट पुढे चाळीस वर्षं गात राहिला. १९८२च्या फॉकलंड युद्धाच्या छायेत, जहाजं बांधणाऱ्या गोदी कामगारांच्या घरांबद्दल एल्विस कॉस्टेलोने लिहिलेलं ‘शिपबिल्डिंग’ हे गाणं त्याने गायलं. १९८३ साली ते ब्रिटनच्या पहिल्या चाळिसांत आलं. युद्धाच्या जहाजांनी गावाला काम मिळतं आणि त्याच गावची पोरं त्या जहाजांवरून मरायला जातात, असा त्याचा जीव कासावीस करणारा विषय. लोक आजही त्या गाण्याबद्दल बोलतात ते रॉबर्टच्या आवाजातल्या थरथरीबद्दल, त्याने शब्द कसे अलगद उचललेत त्याबद्दल. ऐकताना गायक कशात बसला होता, हे कुणी विचारत नाही. आणि विचारलंच, तर सांगणाऱ्याला संकोच वाटत नाही.